नाताळची ‘वाकडी’ गोष्ट कशी वाचावी : चेखवच्या ‘वांका’चं रसग्रहण, पायरी पायरीनं

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला मला रशियन लेखक अंतोन चेखवच्या ‘वांका’ या कथेचं रसग्रहण लिहायला सांगितलं होतं. कथा जेमतेम चार-पाच पानांची. मी ती एका बैठकीत वाचली, डोळे पुसले आणि त्याच रात्री तीन पानं खरडली. ‘हृदयद्रावक’ हा शब्द त्यात पाच वेळा आला होता. बाईंनी पाचही ठिकाणी लाल गोल केले आणि खाली एवढंच लिहिलं : ‘रडू आलं हे कळलं. कुठल्या ओळीला आलं?’

मला सांगता येईना. कथा परत वाचली, मग परत, आणि तेव्हा कुठं दिसायला लागलं की जिथं रडू येतं तिथं चेखव मुलाला रडवतच नाही. पुढं दोन-तीन वर्षं ज्युनियरांना हीच कथा समजावून सांगताना जे हाती लागलं ते इथं लिहिते आहे. परीक्षेसाठी असो, वाचनकट्ट्यासाठी असो, नाताळची म्हणून छापलेली पण नाताळच्या गोष्टीसारखी न वागणारी कुठलीही कथा हातात आली की हाच क्रम चालतो.

आधी जमवाजमव

- कथेची शक्यतो दोन भाषांतरं. कॉन्स्टन्स गार्नेट यांचं इंग्रजी भाषांतर जुनं आहे, सहज मिळतं. जोडीला मराठी किंवा हिंदी जे मिळेल ते. एकच भाषांतर घेतलं की भाषांतरकाराचा स्वभाव लेखकाच्या नावावर खपतो.
- कथेची छापील प्रत किंवा झेरॉक्स, जिच्यावर रेघा मारता येतील अशी. मोबाइलवर वाचून हे काम होत नाही, मी करून पाहिलंय.
- दोन रंगांच्या पेन्सिली. का, ते तिसऱ्या पायरीत.
- एक कोरी वही.

चेखवचं चरित्र मात्र सुरुवातीला हातात घेऊ नका. त्याचा आजोबा भूदास (जमीनदाराच्या जमिनीला बांधलेला वेठबिगार) होता, वडिलांचं दक्षिण रशियातल्या तागनरोगला किराणा दुकान होतं, लहानपणी त्याला त्या दुकानात बसावं लागे, हे सगळं खरं आहे. पण ते आधी वाचलं की वांकाच्या जागी छोटा अंतोन दिसायला लागतो आणि कथा बाजूला राहते.

१. गोष्ट चार ओळींत सांगून मोकळे व्हा

वांका झुकोव हा नऊ वर्षांचा पोरका मुलगा. तीन महिन्यांपूर्वी त्याला मॉस्कोत अल्याखिन नावाच्या चांभाराकडं उमेदवारीला ठेवलंय. नाताळच्या आदल्या रात्री मालक, मालकीण आणि कारागीर प्रार्थनेला गेल्यावर तो मालकाच्या कपाटातून दौत आणि गंजक्या टोकाचा टाक काढतो, बाकावर चुरगळलेला कागद पसरतो आणि स्वतः बाकासमोर गुडघे टेकून आजोबांना पत्र लिहितो : मला इथून घेऊन जा. पत्र पाकिटात घालतो, पत्ता लिहितो, धावत जाऊन पेटीत टाकतो आणि येऊन झोपतो. पत्त्यात गावाचं नावच नसतं.

झालं. कथासार एवढंच, निबंधात याहून जास्त नको. नवख्यांचा पहिला सापळा हाच असतो. कथा आवडली की ती पुन्हा सांगत बसावंसं वाटतं, आणि चारपैकी अडीच पानं त्यात जातात.

२. ती कुठं आणि कुठल्या दिवशी छापून आली ते पाहा

ही पायरी पुष्कळ जण गाळतात, आणि मग कथेत ‘वेगळं’ काय आहे ते सांगताच येत नाही. नेहमीचं काय, ते ठाऊक असल्याशिवाय वाकडं कसं दिसणार?

‘वांका’ २५ डिसेंबर १८८६ ला ‘पीटरबुर्गस्काया गझेता’ या दैनिकात छापून आली, ‘नाताळच्या गोष्टी’ या सदरात, ‘अ. चेखोंते’ या टोपणनावानं. चेखव तेव्हा २६ वर्षांचा, नुकताच डॉक्टर झालेला. (रशियात तेव्हा जुनी, जुलियन दिनदर्शिका होती. आपल्या हिशेबानं तो दिवस ६ जानेवारी १८८७ येतो. तारखेचा घोळ निबंधात घालू नका. ‘रशियन दिनदर्शिकेप्रमाणे’ असं लिहिलं की पुरतं.)

आपल्याकडं दिवाळी अंकांचं जे चालतं तसंच तिकडं नाताळच्या अंकांचं चालायचं. वाचकाला सणाच्या दिवशी सणाची गोष्ट हवी असे, संपादक ती मागत, लेखक ती पाडत. त्या गोष्टीचा साचाही ठरून गेला होता. निकोलाय लेस्कोव या लेखकानं १८८५ मध्ये ‘मोत्यांचा हार’ या आपल्या कथेत एका पात्राच्या तोंडून तो साचाच सांगून टाकलाय : गोष्ट नाताळ ते एपिफनी (नाताळनंतर बारा दिवसांनी येणारा ख्रिस्ती सण) या सणाच्या दिवसांत घडावी, तिच्यात थोडं अद्भुत असावं, काहीतरी तात्पर्य असावं आणि शेवट आनंदाचा असावा.

वहीत हे चार नियम एकाखाली एक लिहा आणि ‘वांका’ समोर ठेवा. रात्र नाताळची आहे. पोरकं मूल आहे, जे या साच्याचं अगदी लाडकं गिऱ्हाईक. नाताळचं झाड आहे, पण आठवणीत. अद्भुत म्हणावं असं एक स्वप्न आहे. आनंदाचा शेवटही आहे, फक्त तो त्या स्वप्नात आहे. तात्पर्य तेवढं शोधून सापडत नाही. म्हणजे चेखवनं साचा मोडला असं म्हणणं बरोबर नाही. त्यानं मागणी केलेला सगळा माल पुरवला, पण जागा बदलून. तुमच्या रसग्रहणाचं मुख्य विधान इथूनच निघतं.

३. दोन पेन्सिली

पत्रात जे प्रत्यक्ष लिहिलंय त्याखाली एका रंगाची रेघ मारा. पत्राबाहेर निवेदक जे सांगतो त्याखाली दुसऱ्या. मग पान लांब धरून नुसते रंग पाहा. पत्र, मग खिडकी, मग पत्र, पुन्हा खिडकी, पुन्हा पत्र. वांका दोनदा मान वर करून अंधाऱ्या खिडकीकडं पाहतो, आणि दोन्ही वेळा गावी जाऊन पोचतो. पहिल्यांदा तो आजोबा या क्षणी काय करत असतील ते डोळ्यांसमोर आणतो. दुसऱ्यांदा त्याला जुना नाताळ आठवतो : आजोबांबरोबर जंगलात झाड आणायला गेलेला, थंडीनं कुडकुडणारा, बाणासारखा सुटलेला ससा पाहणारा.

रंग दिसले की दोन गोष्टी आपोआप हाती येतात.

पहिली, आवाज दोन आहेत. पत्राचा आवाज मुलाचा आहे. त्याची सुरुवात रीतसर होते, सणाच्या शुभेच्छा, देव तुम्हाला सगळं देवो वगैरे. आपल्याकडं ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ लिहून मग पुढच्या ओळीला रडगाणं सुरू व्हावं तसं. पत्राबाहेरचा आवाज मात्र मोठ्या माणसाचा आहे, किंचित खट्याळ. आजोबांच्या कुत्र्याच्या अंगचा कावेबाजपणा सांगताना तो ‘जेझुइट’ पाद्र्यांची (धूर्तपणासाठी बदनाम झालेला एक कॅथलिक संघ) उपमा देतो. नऊ वर्षांच्या पोराला जेझुइट कुठले माहीत असायला? तेव्हा ‘वांकाला वाटतं की...’ असं लिहिण्याआधी ती ओळ कुठल्या रंगाखाली आहे ते बघा. हा दुसरा सापळा.

दुसरी गोष्ट पत्राच्या आतली. मार खाल्ल्याच्या ओळी सगळ्यांना आठवतात. मालकाचं मूल पाळण्यात जोजवताना वांकाला डुलकी लागली म्हणून केस धरून अंगणात ओढत नेऊन पट्ट्यानं मारलं. हेरिंग मासा साफ करताना शेपटीकडून सुरुवात केली म्हणून मालकिणीनं त्याच माशाचं तोंड त्याच्या तोंडावर घासलं. खायला सकाळी पाव, दुपारी लापशी, रात्री पुन्हा पाव. पण त्याच पत्रात, ‘नाहीतर मी मरून जाईन’ असं लिहून झाल्यावर काही ओळींनी, तो आजोबांना मॉस्को दाखवायला लागतो! इथं दुकानात दोरीसकट गळ विकायला असतात, एक गळ तर असा की एक पुडाचा मासासुद्धा पेलेल. (पूड म्हणजे सुमारे १६ किलो.) बंदुका आहेत, शंभर-शंभर रूबलांच्या असतील. इथली कुत्री चावरी नाहीत.

मी पहिल्या खेपेला हा भाग चक्क गाळला होता, कारण तो दुःखी नव्हता. आता मला तोच कथेचा कणा वाटतो. मार खाऊन आलेलं पोर दुकानाच्या काचेला नाक लावून गळ बघत उभं राहतं. ते अजून पोरच आहे याचा पुरावा वळांत नाही, गळात आहे.

४. पत्त्यापाशी थांबा

रशियन भाषेत ‘खेडेगावी, आजोबांना’ हा आता वाक्प्रचार आहे. पत्ता नसलेल्या पत्राला, कुणापर्यंत न पोचणाऱ्या अर्जाला लोक सर्रास तसं म्हणतात. तो या कथेतून आला. निबंधात ही माहिती सगळेच देतात. तुम्ही एक पाऊल पुढं जा.

वांका आधी ‘खेडेगावी, आजोबांना’ एवढंच लिहितो. मग डोकं खाजवतो, विचार करतो आणि भर घालतो : ‘कॉन्स्तान्तिन माकारिच’. म्हणजे काहीतरी राहिलंय हे त्याला कळलंय! मोठा माणूस नावानं ओळखला जातो इथवर तो पोचतो. गावाला नाव असतं, जिल्हा असतो, इथवर पोचत नाही. त्याच्या जगात गाव एकच आहे आणि आजोबाही एकच.

आता कथेत मागं जा. आजोबा झिवारेव नावाच्या जमीनदाराकडं रखवालदार आहेत. हे आडनाव निवेदक आपल्याला सांगून ठेवतो, पाकिटावर मात्र ते येत नाही. आणखी मागं जा. वांकाला लिहायला कुणी शिकवलं? त्याची आई पेलागेया त्या घरी मोलकरीण होती तेव्हा तिथल्या ओल्गा इग्नात्येव्हना बाईंनी. वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी त्याला लिहा-वाचायला शिकवलं, शंभरपर्यंत मोजायला शिकवलं आणि काद्रील नाचसुद्धा शिकवला. मोलकरणीच्या पोराला काद्रील! पाकिटावर पत्ता कसा घालतात ते शिकवायचं राहिलं. चेखव यावर एक अक्षर बोलत नाही. ओल्गाबाई वाईट नाहीत, वांकाच्या त्या सगळ्यांत आवडत्या, त्याला खाऊ देणाऱ्या. पण आई मेल्यावर त्याच घरातून पोराची रवानगी आधी नोकरांच्या स्वयंपाकघरात आजोबांकडं आणि तिथून मॉस्कोला झाली.

सहीसुद्धा बघा. वांका हे इवानचं बोलीतलं, हलकं रूप, गणेशचा गण्या होतो तसं. पत्राखाली मात्र तो ‘तुमचा नातू इवान झुकोव’ अशी सही करतो. सगळ्या कथेत त्याला त्याच्या पूर्ण नावानं हाक मारणारा तो एकटाच.

५. आजोबांकडं नीट पाहा

हा तिसरा सापळा आणि सगळ्यांत मोठा. ‘पत्र पोचलं असतं तर वांका सुटला असता’ असं गृहीत धरून निम्मे निबंध लिहिले जातात. कथा असं म्हणते का?

आजोबा ६५ वर्षांचे, काटकुळे, चपळ; चेहरा सदा हसरा, डोळे सदा नशेत. दिवसा स्वयंपाकघरात झोपतात किंवा स्वयंपाकिणींची थट्टा करतात, रात्री मेंढीच्या कातड्याचा कोट पांघरून टोले वाजवत वाड्याभोवती फिरतात. बायकांना तपकीर हुंगायला लावून त्या शिंकल्या की खूश होतात. जंगलात नातू गारठलेला असताना आधी पाइप ओढतात, सावकाश तपकीर ओढतात आणि त्याला हसतात. माणूस गोड आहे, मलाही आवडतो. पण हाच माणूस पोराला मॉस्कोला पाठवलं तेव्हा तिथं होता. त्यानं अडवल्याचं कथेत कुठं नाही.

वांकाच्या आठवणीत तो तारणहार आहे, कारण दुसरं कुणी उरलेलंच नाही. म्हणून मला पत्त्याची चूक हा कथेतला दुय्यम घाव वाटतो. बाई माझ्याशी सहमत नव्हत्या. त्यांच्या मते कथा आजोबांना दोषी धरत नाही, तसं सुचवणंही जास्तीचं आहे. तुम्ही कुठल्याही बाजूनं लिहा, फक्त ओळ दाखवा.

माझ्या बाजूची ओळ ही घ्या. वांका ‘मला घेऊन जा’ म्हणतो, आणि त्याच पत्रात सांगतो की तिकडं गावी जमीनदाराकडं नाताळचं झाड होईल तेव्हा माझ्यासाठी सोनेरी मुलामा दिलेला अक्रोड मागून घ्या आणि हिरव्या पेटीत ठेवा. शेवटी आणखी एक : माझा बाजा कुणाला देऊ नका. लगेच घरी जाणारं मूल वस्तू सांभाळून ठेवायला सांगेल का? कुठंतरी त्याला कळलंय. पण हे ‘कळलंय’ कथेत लिहिलेलं नाही. म्हणून निबंधात ‘वांकाला ठाऊक आहे’ असं ठोकू नका, ‘पत्रातल्या या दोन विनंत्या असं सुचवतात’ असं लिहा.

६. कुत्रा विसरू नका

आजोबांबरोबर दोन कुत्री असतात, म्हातारी कश्तान्का आणि व्यून. व्यून हे माशाचं नाव, सडपातळ, सुळकन निसटणारा मासा. काळा, लांबुळका कुत्रा. दिसायला लीन, आतून लबाड. त्याचे मागचे पाय मारून मारून मोडायला आलेत, त्याला दोनदा फासावर टांगलंय, दर आठवड्याला अर्धमेला होईस्तोवर बडवतात, तरी दर वेळी तो जगतो. आजोबा तपकीर हुंगवतात तेव्हा कश्तान्का शिंकते आणि रुसून बाजूला होते. व्यून आदबीनं शिंक दाबतो आणि शेपूट हलवतो.

मार खाऊन शेपूट हलवणारा हा प्राणी कथेत कशाला आला, हे मी सांगायची गरज नाही. पण ‘व्यून हे वांकाचं प्रतीक आहे’ असं एक वाक्य टाकून निघून जाऊ नका. फरकही लिहा. व्यून चोऱ्या करतो, पोटऱ्या धरतो, म्हणून जगतो. वांकाला कारागीर मालकाच्या काकड्या चोरायला लावतात आणि मार वांकाला बसतो. चांभाराकडं राबणाऱ्या या पोराला पळून जायचं होतं, तर पायात बूट नाहीत. ही शेवटची गोष्ट तो अगदी साधेपणानं लिहितो, एका ओळीत.

(कश्तान्का नावाच्या कुत्रीवर चेखवची स्वतंत्र, प्रसिद्ध कथा आहे, बरोबर एका वर्षानं, १८८७ च्या नाताळात छापलेली. ती वेगळी. दोन्हींची सरमिसळ झालेले निबंध मी पाहिलेत.)

७. शेवट : काय घडतं तेवढंच लिहा

वांका मरत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण दर वर्षी कुणीतरी त्याला मारतंच. याचं कारण समजण्यासारखं आहे. डोक्यात अँडरसनची आगकाड्या विकणारी मुलगी असते (१८४५, ती नववर्षाच्या आदल्या रात्रीची गोष्ट), नाहीतर दस्तयेव्हस्कीचा १८७६ मधला भिकारी मुलगा. दोघंही थंडीत गोठून मरतात आणि मरता मरता त्यांना उजेड, झाड, माया दिसते. त्या गोष्टींत मृत्यू हीच सुटका असते. दुष्ट जग खाली राहतं, मूल वर जातं, वाचक रडून मोकळा होतो.

चेखव ही सोय ठेवत नाही. वांका शर्टावरच धावत बाहेर पडतो, पत्र पेटीत टाकतो, तासाभरात गोड आशेवर गाढ झोपी जातो. त्याला स्वप्न पडतं. शेकोटीच्या कट्ट्यावर आजोबा उघडे पाय हलवत बसलेत आणि स्वयंपाकिणींना पत्र वाचून दाखवताहेत. शेकोटीपाशी व्यून शेपूट हलवत फिरतोय.

इथं पेन्सिलीनं खूण करा : स्वप्नातसुद्धा आजोबा त्याला घ्यायला निघालेले नाहीत. ते पत्र वाचून दाखवताहेत.

उद्या सकाळी मालक उठेल, पाळणा हलवायचा असेल. कथा तिथं जात नाही. तुम्हीही जाऊ नका, आधीच थांबा.

८. आता लिहायला बसा

पहिला परिच्छेद दुसऱ्या पायरीतून काढा : कुठं छापली, साचा काय, त्यात कुठली गोष्ट कुठं हलवली. चेखवच्या जन्मतारखेनं सुरुवात नको. नंतर पत्ता, आजोबा, शेवट यांपैकी एकच निवडा आणि त्याच्यावर दीड पान द्या. सगळं थोडं थोडं घातलं की कशालाच धार राहत नाही. बालमजुरीबद्दल लिहायचं असेल तर मार, जेवण आणि झोपेची जागा यांच्या ओळी देऊन लिहा, ‘समाजाला आरसा दाखवला’ हे वाक्य न वापरता. कच्चं लिहून झालं की ‘हृदयद्रावक’, ‘विदारक’ आणि ‘अंतर्मुख’ हे तीन शब्द शोधून खोडा. जिथं खोडल्यावर वाक्य रिकामं पडेल तिथं कथेतली एखादी वस्तू आणून ठेवा. अक्रोड, गळ, पाळणा, गंजका टाक, काहीही चालेल.

नावांचं लेखन ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. एका पानावर वांका आणि दुसऱ्यावर वान्का असं नको. आणि निबंधाला ‘खेडेगावी, आजोबांना’ हे शीर्षक देऊ नका. आमच्या वर्गात निम्म्या जणांनी तेच दिलं होतं. मीसुद्धा.